कडेची झालर

मी झालर बोलतेय. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला खटकलं ते एवढंसंच होतं: रस्ता ओला दिसत होता. आभाळात ढगाचा पत्ता नाही, ऊन लख्ख, आणि डांबर मात्र कुणी नुकतीच बादली ओतून गेल्यासारखं चकाकत होतं. वर त्यात समोरच्या डोंगराचं उलटं चित्र! माझ्या छातीत धस्स झालं. फाइलला छाती नसते हे मलाही कळतं, पण धस्स व्हायला ती लागत नाही, हे अनुभवानं सांगते.

हो, मी एक फाइल आहे. गाडी चालवायचा एक गेम आहे, त्याला वरून लावलेला मॉड म्हणजे मी. मॉड काय ते शिवणाऱ्यांना चटकन कळेल. दुकानातून तयार कपडा आणायचा आणि घरी तो थोडा उसवून, थोडा दुमडून आपल्या मापाचा करून घ्यायचा. गेम तयार आला, मी त्यातला फेरफार. माझं काम मोशन ब्लर. गाडी वेगात निघाली की कडेची झाडं, खांब, कुंपणं जराशी पुसट करायची. त्यानं बघणाऱ्याला वेग जाणवतो, आणि जुना कॉम्प्युटर दमून चित्राला झटके देत असेल तर तेही झाकले जातात. झाकायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही, असलं माझं काम. कौतुक कुठून होणार?

मला लिहिलं चिऊनं. चिऊ या घरातली धाकटी, तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची आई घरीच शिवणकाम करते: पँट आखूड करून दे, चेन बदलून दे, पडदे शिवून दे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर अगदी मांडीला मांडी लावून. एक दिवस चिऊनं गेमचं स्टिअरिंग आणि पेडल आणून लावलं आणि आईला म्हणाली, "बस बघू. तुझा सगळा जन्म पेडलवर गेलाय, तुला काय अवघड?"

आई बसली, आणि पेडल मशीनसारखंच मारायला लागली. जरा दाब, जरा सोड. तिची पिवळी गाडी टाके घालत निघाल्यासारखी चालली.

"आई, रस्ता शिवतेयस का?"

"फाटलाय मेला. बघ की, नुसते झटके देतोय."

गेमचं स्वतःचं ब्लर चालू केलं तर पळी घालून ढवळावी तशी सगळी स्क्रीन ढवळली जायची आणि आईला गरगरायला लागायचं. बंद केलं तर पुन्हा झटके. शेवटी चिऊ मला लिहायला बसली. आईच्या पायाशी बादली, चिऊच्या मांडीवर कीबोर्ड. "आता गरगरतंय?" "हो." चिऊ माझ्यातला एक आकडा कमी करायची. "आता?" "हो गं बाई." असं किती वेळा झालं असेल कोण जाणे. शेवटी आईच वैतागून म्हणाली, "अख्ख्या कापडाला कशाला चुण्या घालतेस? मधलं साधं राहू दे. काठाला तेवढी झालर लाव."

चिऊ तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं मधला रस्ता स्वच्छ सोडला आणि मला नुसतं कडेला बसवलं. आई एक अख्खा डोंगर चढून उतरली, हात झटकले आणि म्हणाली, "भूक लागली." बादली कोरडीच आत गेली. मला नाव मिळालं ते त्या क्षणी. जगात मॉड पुष्कळ असतील. कुणाच्या तरी पोटाच्या मापानं बेतलेली मी एकटीच असेन, अशी माझी समजूत आहे. ती कुणी मोडू नये.

चिऊला आईचा स्वभाव पक्का ठाऊक. बोटात सुई शिरली तरी "काही नाही गं" म्हणणारी बाई. म्हणून चिऊनं माझ्यात एक प्रश्न घालून ठेवला. खेळ संपला की मी पडद्यावर छोटी चौकट आणते. "आई, गरगरतंय का?" खाली दोन बटणं: डावीकडे हो, उजवीकडे नाही. हो दाबलं की चित्र पुसट करणारं माझ्याशिवाय दुसरं जे काही चालू असेल ते मी बंद करून टाकते, आणि चिऊच्या फोनवर एक ओळ जाते. माझी हाक एवढीच. दुसरा आवाज मला नाही.

मग चिऊ नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. लॅपटॉपवर माझी एक प्रत घेऊन गेली, माझी जुळी बहीण म्हणा. त्या बयेचं माझं कधी पटलं नाही. तिच्यावर रोज चिऊची नजर, चिऊचा हात, आणि मी इथे! पण रोज संध्याकाळी दोघी मायलेकी गेममध्ये भेटायच्या, तेव्हा मी सगळं विसरायचे. फोन स्पीकरवर मशीनशी टेकवलेला, पिवळी गाडी पुढे, चिऊची लाल गाडी मागे.

"जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते. आई, खांब!"

"दिसला. ती खोलीतली मुलगी बोलते का आता तुझ्याशी?"

"बोलते थोडं. वळण आलं, काय करायचं?"

"सुई खाली, पाय वर, कापड फिरव," आई म्हणायची, आणि शर्टाची कॉलर वळवावी तसं ते अवघड वळण अलगद घ्यायची.

नव्या गावात रडू आलेलं चिऊनं सांगितलं ते गेममधल्या घाटातच. समोरासमोर बसून तिला ते बोलता आलं नसतं. दोघींची नजर रस्त्यावर होती म्हणून बोलली. कडेची झाडं पुसट करत मी सगळं ऐकत होते.

एक सांगायचं राहिलं. आईचा चष्मा शिवणाचा, जवळचा. गाडीवर बसताना ती तो काढून मशीनवर ठेवते. त्यामुळे माझी चौकट म्हणजे तिला नुसता अक्षरांचा गोळा. उजवं बटण दाबलं की जाते, एवढं तिला पाठ. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण तेव्हा ते "नाही" खरं होतं.

आता त्या ओल्या रस्त्याकडे येते. ते काम दादाचं. दादा म्हणजे चिऊचा थोरला भाऊ, टीव्हीच्या दुकानात विक्रेता. गिऱ्हाईक दारातूनच ओढलं जावं म्हणून दुकानातले सगळे टीव्ही डोळ्यांत खुपतील इतके भडक ठेवलेले असतात, आणि दादाला सवय त्याचीच. घरात पाऊल टाकलं की म्हणणार, "किती मंद उजेड आहे आपल्याकडे!" मनाचा फार चांगला. पण रोज संध्याकाळी आई आणि चिऊ फोनवर खिदळायच्या आणि तो मागे खाटेवर बसून मोबाईल उगाच वरखाली करत राहायचा. जळणाऱ्याला जळणारा ओळखू येतो. चिऊनं आईला केवढी गंमत दिली, मी काय दिलं, हे त्याच्या कपाळावर वाचता येत होतं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यानं ग्राफिक्स सुधारणारा एक भलाथोरला पॅक आणून बसवला. त्याचं नाव लांबलचक होतं. मी तिला झगमगबाई म्हणते. सवत म्हणा हवं तर.

खोटं कशाला बोलू, दिसायला सुंदर होती. गवताचं पातं न् पातं वेगळं, काचेवर थेंब, दिव्याभोवती वलयं, आणि सूर्य असा की थेट डोळ्यांत बोट घालतो. रस्ते कायम ओले. चकाकायला तिला निमित्त लागत नाही. माझ्या आयुष्यात मी एक झाड नीट दाखवलं नाही, आणि ही फांदीवरच्या मुंग्या दाखवते! वर तिचं स्वतःचं ब्लर, गेमच्या त्या जुन्या ब्लरपेक्षाही दांडगं. मान वळवली की अख्खं जग फराटा ओढल्यासारखं सरकायचं. आणि मॉडच्या जगात जो शेवटी लागतो त्याचंच चालतं, भिंतीवर शेवटचा हात ज्या रंगाचा तोच दिसतो तसं. दादानं तिला शेवटी लावलं. मी खाली, होते तिथेच, पण झाकलेली.

"कसं वाटतंय, आई?" दादा मागे उभा.

"अगं बाई, केवढं छान रे!"

ऐकून माझा जीव पाण्याहून पातळ झाला. पण गाडी थांबवल्यावर आईनं टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून ती गार पाणी प्यायली. मी चौकट आणली. आई, गरगरतंय का? तिनं चाचपडत उजवं बटण दाबलं.

मला आधी आनंद झाला, हे लपवत नाही. सवतीच्या स्वयंपाकात मीठ जास्त पडलं की होतो तसा. म्हटलं, दोन दिवसांत हाकलतील बाईला. पण दुसऱ्या दिवशी पिवळी गाडी घाटाच्या पायथ्यालाच कुंपणात घुसली. आई रस्त्याकडे बघतच नव्हती, खाली पेडलकडे बघत होती.

"आई, कुंपणात काय करतेस?"

"गवत बरं दिसतंय, म्हटलं जवळून बघावं."

चिऊ हसली. मग "आज पडदे द्यायचेत" झालं. मग "उद्या बघू". मग फोन वाजायचा आणि आई मशीन जोरात चालवत म्हणायची, "काय म्हणालीस? ऐकू येत नाहीये." दादानं चिऊला झगमगबाईचे फोटो पाठवले आणि तिचा आवाज फोनमधून आला, "वा, मस्तच दिसतंय रे!" मी ऐकलं. मला लिहिणारीनं म्हटलं ते.

पण त्याच फोनवर चिऊ आईला म्हणाली, "मग इतकं छान दिसतंय तर येत का नाहीस? माझ्याबरोबर कंटाळा येतो का तुला?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग काय झालंय ते सांग ना."

आईनं दादाकडे पाहिलं. तो शेजारीच बसून नवा दिवा कुठे लावावा याचा विचार करत होता. "काही नाही गं," आई म्हणाली.

मला तेव्हा कळलं की सवत कितीही नटली तरी ती माझं काही नेत नाहीये. नेत होती ती त्या दोघींची संध्याकाळ. आणि हे कळणारी घरात मी एकटी, ती पण मुकी.

आज दुकानातून आल्यावर दादा फोल्डर चाळताना माझ्यापाशी थांबला. मी भीतीनं गोठले. "आई, हे झालर काय जुनं पडलंय? काढून टाकू? काही काम नाही याचं."

"चिऊचं आहे ते. राहू दे."

"अगं, उगाच जागा अडवतंय."

"काम नसताना जागा अडवणारे घरात पुष्कळ आहेत. तुला काढलं का मी?"

दादा खो खो हसला. पण म्हणाला, "बरं, उद्या सुट्टी आहे, सगळं पुसून गेम नव्यानं टाकतो. पॅकची नवी आवृत्ती आलीये, आणखी झकास." म्हणजे उद्या मी नाही.

आणि आत्ता, मी हे तुम्हाला सांगतेय तेव्हा, थोड्याच वेळापूर्वी चिऊचा फोन आला. आई एका पँटची तुरपाई करत होती. चिऊ म्हणाली, "आई, आज एकदाच ये. मग मी पण गेम काढून टाकणार आहे. तुला नको असेल तर एकटीनं काय चालवायचं?" आई सुई कापडातच खोचून धावली. घाईत चष्मा नाकावर तसाच राहिला.

पिवळी गाडी पुलापर्यंत गेली आणि थांबली. लाल गाडी मागे उभी. आईनं डोळे मिटून घेतले होते.

"जमत नाहीये, चिऊ. तू जा पुढे."

"राहू दे. बंद कर," चिऊचा आवाज अगदी लहान झाला होता.

आईनं गेम बंद केला. मी चौकट आणली. आई, गरगरतंय का? बोट सवयीनं उजवीकडे निघालं, आणि मध्येच अडखळलं. चष्म्यातून तिला अक्षरं दिसली. तिनं ती एकेक करून वाचली, मोठ्यानं.

"चिऊ, हे तू लिहिलंयस?"

"काय?"

"आई, गरगरतंय का, असं."

"ते तर कधीचं आहे, आई. रोज येतं. मी रोज वाट बघते. तुझं हो कधी आलंच नाही."

दादा चहाचा कप हातात घेऊन उभा राहिला होता. "आई? गरगरतं तुला?"

"तू एवढ्या हौसेनं लावलंस रे..."

"अगं, दुकानात त्या टीव्हींसमोर दिवसभर उभं राहून माझंच डोकं उठतं! सांगायचं ना!"

माझी चौकट अजून उघडी आहे, दोन बटणं घेऊन. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. पडद्यावर कुणी काही विचारलं तर उजवं बटण दाबून मोकळं व्हायची घाई करू नका. कोण विचारतंय ते आधी वाचा. पलीकडे कुणीतरी बसलेलं असतं.

आईनं चष्मा नीट केला. सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगठीसारखं अंगुस्तान अजून बोटात होतं, ते काढून तिनं मशीनवर ठेवलं. बोट उचललं. उजवं बटण ओलांडून ते डावीकडे आलं आणि टेकलं.

हो.