कापलेल्या कडा

ऑड्रीने फोटो उलटा करून पाहिला, मागे काहीच लिहिलेलं नाही म्हणून पुन्हा सुलटा केला आणि हिल्डापुढे सरकवला.

“सिस्टर, हिचं नाव काय लिहू?”

हिल्डाने फोटोकडे पाहिलंच नाही. ती टाचण्या निवडत राहिली. टेकडीवरचं वेड्यांचं इस्पितळ बंद होऊन तीस वर्षं झाली, हिल्डाला सत्याऐंशी पूर्ण झाली, तरी यॉर्कशरच्या त्या गावाला ती अजून सिस्टरच होती. इस्पितळात आता फ्लॅट निघाले होते आणि तिथल्या हौशी मंडळींसाठी गावच्या सभागृहात जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना ‘टेकडीवर पाठवीन हं’ म्हणून दटावलं, त्याला आता इतिहासाचा पुळका आला होता!

फोटो १९५९ चा. गाव विरुद्ध इस्पितळ, दरसालचा क्रिकेटचा सामना. चहाच्या टेबलामागे किटली धरलेली एक पेशंट बाई.

“पेशंटची नावं सांगायची नसतात, पोरी.”

“केव्हाच गेली असेल हो ती.”

“तरी.”

ऑड्रीने डिंकाची बाटली बंद केली. तिला मावशीने वाढवलं होतं. आई कॅनडात असते, हे गावात सगळ्यांना पाठ होतं.

“मावशी वारली तेव्हा कपाट मीच आवरलं. कॅनडाचं एक पाकीट सापडलं असेल तर शपथ! आणि सामन्याला त्या चहाच्या टेबलापुढे आम्ही पन्नास पोरं असायचो, सिस्टर. सँडविचच्या कडा कापलेल्या फक्त माझ्या. आठ वर्षांची होते, आंधळी नव्हते.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“नाव राहू द्या. माझी आई मला ओळखायची का, एवढंच सांगा.”

हिल्डाने टाचण्यांची डबी मिटली.

“कडा ती कापायची नाही,” शेवटी ती म्हणाली.

ऑड्रीचा चेहरा पडला.

“पेशंटच्या हातात आम्ही सुरी देत नसू. कापायचे मी. कोणाच्या कापायच्या, ते ती सांगायची. ‘त्या निळ्या फ्रॉकवालीच्या, सिस्टर. तिला कडा आवडत नाहीत.’”

“आवडायच्या मला,” ऑड्री म्हणाली.

“एल्सी. एल्सी नाव तिचं.”

ऑड्रीने कोरी चिठ्ठी ओढून नाव लिहिलं. आडनाव तिने विचारलं नाही, आपलंच लिहिलं.