निळ्या लोकरीची वायर

मी पत्र्याचा एक जुना, काळा डबा आहे, मित्रांनो. संगणकाच्या पोटात बसून भिंतीतली वीज गाळायची, मापात ओतायची आणि ज्याला जेवढी पचेल तेवढीच पाजायची, हे माझं काम. लोक मला पॉवर सप्लाय म्हणतात. मी स्वतःला संगणकाचं काळीज म्हणवून घेतो. प्रोसेसरला ते आवडत नाही, पण त्याचं डोकं कायमच तापलेलं, त्याच्याकडे कशाला लक्ष द्या.

कारखान्यात मला तपासताना एवढा भार दिला, की शेजारचे डबे नुसते बघूनच गरम झाले. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा. हो, पण ते केव्हाच भंगारात गेले.

मी मॉड्युलर आहे, म्हणजे माझ्या वायरी सुट्या. पाठीवर खाचा आहेत. हवी ती वायर खोचायची, नको ती पिशवीत ठेवायची. साध्या सप्लायच्या सगळ्या वायरी जन्मजात लोंबत असतात, निघतो निघतो म्हणत दारात घोटाळणाऱ्या पाहुण्यांसारख्या.

मला निवडायला एक बापलेक दुकानात आले. बाबा कुलपं दुरुस्त करायचे. त्यांच्या बोटांना पितळेचा वास होता. लेकीला ते ठमी म्हणत. ती नकाशे काढायच्या कचेरीत होती.

"सगळ्यात मोठा द्या," बाबा म्हणाले.

"बाबा, आपल्याला काय पिठाची गिरणी चालवायचीये? साडेपाचशे वॅट रग्गड झाले. आणि वायरी सुट्याच हव्यात. संगणकाची पेटी लहान आहे, आत गुंता झाला की वारा फिरत नाही."

"हमी दहा वर्षांची आहे," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

"असं नका बोलू हो काका. बिघडला तर मी बदलून कुणाला देऊ?"

बाबा हसले नाहीत. ठमीने मला काखेत घेतलं आणि आम्ही घरी आलो.

पेटी उघडली, आणि मित्रांनो, आत कुणीतरी होतं.

संगणक ठमीच्या आईचा होता. आई गेली त्याच आठवड्यात तिथला जुना सप्लायही धूर सोडून गेला होता. तो डबा भंगारवाल्याने नेला, पण त्याच्याही वायरी सुट्या, त्या पेटीतच राहिल्या होत्या. धनी गेल्यावरही वाट बघणाऱ्या हातांसारख्या. आई स्वेटर विणायची. उरलेली लोकर तिने एकेका वायरीला गुंडाळली होती, ओळखायला सोपं जावं म्हणून: पंख्याला तांबडी, हार्ड डिस्कला निळी. गाठी अशा, की वायर आणि पेटीचा सांगाडा एकच झालेला. त्या लोकरीला अजून साबणाचा वास येत होता.

त्या डिस्कमध्ये आईचा आवाज होता. गल्लीतल्या पोरांसाठी ती गोष्टी बोलून ठेवायची, एकीपेक्षा एक थापा. ठमी म्हणायची, "आई, दुसरीकडे उतरवून ठेव." आई म्हणायची, "ठेवू गं, मी कुठे पळून चाललेय?" आता तो आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि त्याला वीज पाजायचं काम माझ्याकडे आलं होतं.

ठमीने मला बसवलं, मोठ्या वायरी जोडल्या, तेवढ्यात कचेरीतून बोलावणं आलं. "डिस्क तेवढी राहिलीये. आल्यावर पिशवीतली वायर लावते. तुम्ही हात लावू नका हं, बाबा."

बाबा खुर्ची ओढून पेटीसमोर बसले. बराच वेळ त्यांनी खरंच हात लावला नाही. मग निळ्या लोकरीवरून हळूच बोट फिरवलं.

"तिची असताना परकी कशाला?" ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्या वायरीचं मोकळं टोक माझ्या पाठीत खोचलं.

बसली की हो. अगदी टक्‌ आवाज करून बसली. खाचेचा आकार पुष्कळदा सारखाच असतो, पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कारखान्याचा वेगळा. मेलेल्या डब्याचा हात माझ्या खांद्याला लावल्यासारखं झालं. मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही, नुसता पंखा आहे.

बाबांनी बटण दाबलं. विजेच्या परतीची वाट असायची तिथे माझे बारा व्होल्ट घुसले. असं झालं की वीज आपोआप तोडायची, हे आम्हाला कारखान्यातच शिकवलेलं; मी दातखीळ बसल्यासारखा मिटलो. एक टिचकी वाजली आणि सगळं गप्प झालं. त्यांनी पुन्हा दाबलं, मी पुन्हा मिटलो. पण मिटण्याआधीच्या त्या निमिषात काय निसटून डिस्कमध्ये गेलं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

ठमी आली तेव्हा बाबा तसेच बसले होते.

"नवीन पण गेला," ते म्हणाले.

तिने वाकून पाहिलं. "बाबा, ही वायर कुठली?"

"आपलीच. तुझ्या आईची."

"आईची म्हणजे जुन्या डब्याची. या डब्याची नाही."

"अगं, पण नीट बसली."

"बसते. बसते म्हणूनच लोक जाळून घेतात."

बाबांनी हात मांडीवर ठेवले. "जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, किल्ली आत गेली म्हणून कुलूप आपलं होत नाही." मग खूप हळू विचारलं, "ठमे, मी तिला पुन्हा मारलं का गं?"

"पुन्हा म्हणजे काय, बाबा? तेव्हाही तुम्ही नव्हतं मारलं." ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "लोकर सोडवा. वायर टाकायची, लोकर नाही."

कसलंही कुलूप चुटकीत उघडणारा माणूस, पण त्या गाठींनी त्याला घाम फोडला. सुटेल तसतशी लोकर ते माझ्या वायरीला गुंडाळत गेले.

"आई म्हणाली असती, ही गाठ आहे का गुंता," ठमी म्हणाली.

"म्हणू दे. तेवढ्यासाठीच तर चाललंय."

ठमीने ती वायर डिस्कला लावली आणि बटण दाबलं. मी इतक्या जपून वीज सोडली, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालत होतो. डिस्क खरखरली. थांबली. मग ती फिरू लागली, ठमीने पहिली गोष्ट लावली, आणि खोलीत एक बाई खाकरली.

"ऐकू येतंय का? अहो, दार लावा आधी, गल्लीतला गोंगाट येतोय."

बाबा उठले आणि दार लावून आले.

ठमीने त्याच दिवशी सगळ्या गोष्टी आणखी दोन ठिकाणी उतरवल्या. पुढे मी त्या घरात वर्षानुवर्षं राबलो. बाबा रोज संगणक लावत. आई रोज विचारी, ऐकू येतंय का. ते म्हणत, येतंय. आणि उठून दार लावत. माझं कौतुक कुणी केलं नाही. चांगल्या सप्लायची आठवण येत नाही, हीच त्याची शाबासकी.

आता बाबा नाहीत. ठमीने नवा संगणक घेतला. मी त्याच खोलीत फळीवर, खोक्यात आहे. माझ्या वायरी माझ्याजवळच, पिशवीत, निळ्या लोकरीसकट. मित्रांनो, आम्हाला निवडताना वॅट बघा, हमी बघा, पण आमच्या वायरींची आमच्यापासून ताटातूट करू नका, आणि एकाच्या दुसऱ्याला लावू नका. आणि ज्याचा आवाज प्रिय आहे, तो एकाच ठिकाणी ठेवू नका. "ठेवू गं" म्हणणारी माणसं पळून जातात.

एक गोष्ट मात्र मला उमगत नाही. माझ्यात वीज नाही, डिस्क इथे नाही. तरी परवा दुपारी कुणीतरी खाकरलं. "ऐकू येतंय का?" फळीच्या खालून, जिथे बाबा खुर्ची ओढून बसायचे तिथून, कुणीतरी म्हणालं, "येतंय." मग खोलीचं दार लागलं.

ठमी स्वतःशीच म्हणाली, वाऱ्याने लागलं असेल. मी पंखेवाला आहे, मित्रांनो. मला वारा कळतो. त्या दुपारी वारा नव्हता.