समुद्रावर गप्प राहिलेला जांबुवंत

या मित्रांनो, या. थोडे पुढे सरका. दारातली वाट मोकळी ठेवा, मागून येणाऱ्यांनाही बसू द्या. कीर्तनाला बसता तशी मांडी घालून बसा. आज बुवा नाहीत, टाळ-मृदंग नाहीत. आज मीच सांगणार आहे. गोष्ट माझीच आहे, आणि ती सांगताना माझी मान दोन-तीनदा खाली जाईल. तरी तुम्ही उठू नका. शेवटी मला तुमच्याकडे काही मागायचं आहे.

मी एक जुना मुखवटा आहे. निदान दिसायला तरी जुना आहे. रंग खरवडलेला, तोंड धुरानं काळवंडलेलं, डावा कान तुटलेला. पाहणाऱ्याला वाटतं, हा आजोबा-पणजोबांच्या काळचा असावा. पण मित्रांनो, हे म्हातारपण मला वयानं आलेलं नाही. ते एका दुपारी माझ्या अंगावर चढवलं गेलं. कसं, ते पुढे येईलच.

वडशापासून थोडं आत, तलावाच्या काठी आमचं गाव. अलीकडे धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक शिवणीचं झाड होतं. ते वाऱ्यानं पडलं, तेव्हा ढोलकीवाले त्याचे चांगले तुकडे घेऊन गेले. उरलेला बुंधा मनसाराम सुतारानं घरी नेला. त्या बुंध्यातून मी निघालो.

माझी गरज का पडली, तेही ऐका. दर माघात आमच्या गावात सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, काला वाटला जातो आणि मग दुपारी सोंगं निघतात. त्यात एक सोंग जांबुवंताचं. रामाच्या सेनेतलं ते म्हातारं अस्वल, तुम्हाला ठाऊकच आहे. मी नव्हतो तेव्हा ते सोंग नुसती काळी घोंगडी पांघरून होत असे, आणि मागे बसलेल्या बाया एकमेकींना विचारत, की हा तापानं फणफणलेला माणूस मध्येच का आला? तेव्हा मनसाराम म्हणाला, पुढच्या सालापासून असं विचारू देणार नाही.

त्यानं मला मन लावून कोरलं. काळा तेलरंग दिला, भुवया पांढऱ्या केल्या, आणि बैलबंडीच्या चाकाला लावून उरलेला लाल रंग ओठांना लावला. मी असा चकचकीत झालो की पाहतच राहावं. पण त्याचं खरं काम आतल्या बाजूला होतं. जांबुवंताचं सोंग घेणाऱ्या इस्तारीभाऊच्या कपाळावर डाव्या अंगाला एक टेंगूळ होतं. मुखवटा तिथं टोचू नये म्हणून मनसारामनं त्याला समोर बसवून, पुन्हा पुन्हा लावून पाहत, आतून एक खळगा कोरला. इस्तारीभाऊनं मला तोंडावर घेतलं की ते टेंगूळ त्या खळग्यात असं बसे, जसं पाखरू घरट्यात.

इस्तारीभाऊ जातीचा ढिवर. तलावात जाळं टाकायचं, मिळेल ती मासोळी आणायची, आणि फार बोलायचं नाही, असा त्याचा स्वभाव. पण माझ्या आत शिरला की त्याचा आवाज निराळाच होई.

प्रसंग समुद्रकाठचा. समुद्र म्हणजे गोकुळाबाईचं निळं लुगडं. गोकुळाबाई ही इस्तारीभाऊची बायको. तिनं आणि दुसऱ्या एका बाईनं ते दोन टोकांना धरून हलवायचं, की झाला समुद्र. अलीकडे सगळी वानरसेना हताश बसलेली. मारुतीही मान खाली घालून बसलेला, कारण त्याला स्वतःच्याच बळाचा विसर पडलेला. तेव्हा जांबुवंत त्याच्यापुढे जातो आणि म्हणतो, "अरे, गप्प काऊन बसला? तू कोणाचा कोण, तुले आठवते का?"

एवढंच बोलणं. पण ते ऐकून मारुती उठे आणि लुगड्यावरून उडी घेई, तेव्हा पाळीवरचे बगळेही उडून जात, असा गजर होई. बुवा दरवर्षी निरूपणात सांगत, की बळ देवानं सगळ्यांनाच दिलं आहे, पण आठवण देणारा जवळ असावा लागतो. तो आठवण देणारा मी. याचा मला फार अभिमान होता, मित्रांनो. अभिमानाचं पुढे काय होतं, ते कीर्तनात ऐकलं असेलच.

मारुतीचं सोंग डोमा घेत असे. अंगानं धिप्पाड आणि मनानं भोळा. डोमा आधी गडचांदूरकडे सिमेंटच्या कामाला गेला, आणि तिथून एका ट्रकवाल्याच्या ओळखीनं मुंबईला. बंदरासमोरच्या गल्लीत एका सेठच्या दुकानात वस्तू पुसायला आणि बांधून द्यायला तो राहिला. जहाजातून उतरणाऱ्या परदेशी लोकांसाठी ते दुकान होतं. त्यांना इथली खरी वस्तू हवी असे, जंगलातली असेल तर आणखीच. एकदा सेठ म्हणाला, की खरं काही मिळतच नाही. तेव्हा आपली किंमत वाढावी म्हणून डोमा बोलून गेला, की आमच्या गावी एक मुखवटा आहे, असा कुठंच नाही.

दिवाळीला तो गावी आला आणि त्यानं मला मागितलं. मुंबईत दुकानात मांडून ठेवतील, मोठमोठे लोक पाहतील, सप्ताहाच्या आधी मी स्वतः आणून देतो, असं म्हणाला.

आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. सोंगाची वस्तू कोणी मागितली तर नाही म्हणत नाहीत. शेजारच्या गावाला मुकुट लागला, नेतात. ढोलकी लागली, नेतात. पण काल्याच्या दिवशी ज्याची वस्तू त्याच्या दारी परत आलेली असते. आजवर कधी चुकलं नाही. मुंबई म्हणजे इस्तारीभाऊला असंच एक लांबचं गाव वाटलं. त्यानं मला गोकुळाबाईच्या जुन्या पातळात गुंडाळलं आणि डोमाच्या हाती देत म्हणाला, "काल्याले पाहिजे बरं. नाई तं समुद्रावर मारुतीले उठवन कोण?"

डोमानं मान डोलावली. तेव्हा त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

दुकानात सेठनं मला उजेडात धरलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, "एवढं चकचकीत कोण घेईल? याला जुना कर." डोमानं चाचरत सांगितलं, की हा परत न्यायचा आहे. सेठ हसला आणि काचकागद त्याच्यापुढे टाकून निघून गेला.

डोमानं काचकागद उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. नोकरी जाईल, लोक हसतील, असं काही त्याच्या मनात आलं असेल. मग ज्या हातांत दरवर्षी मारुतीची गदा असे, त्याच हातांनी त्यानं माझा रंग खरवडला. पांढऱ्या भुवया गेल्या. लाल ओठ गेले. नारळाच्या शेंड्या पेटवून मला धुरावर धरलं. शेवटी पटाशीनं माझा कान उडवला, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते.

मला दर्शनी भिंतीवर दिव्याखाली टांगलं. डोमाला पढवून ठेवलं, की गिऱ्हाईक आलं की सांगायचं, हा जंगलातल्या लोकांचा दैत्य आहे, फार जुना आहे, बळी देताना हा तोंडावर घालतात. आमच्या गावात काल्याचे लाडू वाटतात, मित्रांनो. तिथं बळी कुठला? पण डोमा सांगत राहिला. इथलं आहे का, म्हणून ते विचारीत, 'लोकल?' डोमा म्हणे, 'लोकल.'

त्या लोकांना मी दोष देत नाही. मार्कंड्याच्या जत्रेला गेलो तर आपणही बांगड्या, खेळणी घेऊन येतोच की. गेलो होतो, याची खूण माणसाला हवी असते. ते खरं तेच मागत होते.

पण माझं काय? इथं माझी पहिल्यांदा मान खाली जाते. मला ते आवडू लागलं होतं. लोक माझ्यापुढे थबकत, हात मागे घेत, हळू आवाजात बोलत. गावात मला कोण भिई? पोरं माझ्या नाकात बोटं घालत. इथं मी दैत्य होतो, प्राचीन होतो. समोर दारातून खरा समुद्र दिसत होता, ज्याचं सोंग मी जन्मभर पाहिलं तो समुद्र. त्याच्याकडे मी एकदाही नीट पाहिलं नाही. माझं लक्ष येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर.

माघ लागला, गावी सप्ताह बसला असेल, तेव्हा एक म्हातारी परदेशी बाई आली. पांढरी टोपी, हातात काठी, डोळे मायाळू. ती माझ्यापुढे खूप वेळ उभी राहिली. घ्यायचं तिनं जवळजवळ ठरवलंच होतं. मग तिनं खुणेनं डोमाला विचारलं, की हा घालतात कसा?

डोमानं मला खाली काढलं आणि तोंडावर घेतलं. बाहेरून मला कितीही धूर दिला तरी आत कोणी हात लावला नव्हता. आत इस्तारीभाऊच्या घामाचा वास होता, तलावाचा वास होता. माझ्या डोळ्यांच्या भोकांतून डोमाला समोर समुद्र दिसला. आणि मित्रांनो, जे शब्द त्यानं वर्षानुवर्षं समोर बसून ऐकले होते, कधी उच्चारले नव्हते, ते त्याच्याच तोंडून निघाले.

"अरे, गप्प काऊन बसला? तू कोणाचा कोण, तुले आठवते का?"

मग त्यानं मला उतरवलं आणि मोडक्यातोडक्या शब्दांत, हातवारे करत त्या बाईला सांगितलं, "दैत्य नाई हा. अस्वल आहे. रामाच्या सेनेतलं. आमच्या गावच्या सोंगातलं. इस्तारीभाऊचं आहे. जुनं नाई, म्याच केलं जुनं."

तिला किती कळलं, देव जाणे. पण तिनं नखानं माझा गाल थोडा खरवडला. काजळीखाली राहिलेला तेलरंग चमकला. ती थकल्यासारखी हसली, मला हलकेच मेजावर ठेवलं आणि कोपऱ्यातली एक काळी मूर्ती घेऊन गेली. मला धूर दिला त्या मागच्या खोलीत ती मूर्ती साच्यातून निघताना मी पाहिली होती.

आता दुसऱ्यांदा मान खाली जाते, आणि ही लाज सगळ्यांत मोठी आहे. ती बाई मला ठेवून गेली, याचं मला वाईट वाटलं. डोमा गप्प राहिला असता तर बरं, असं माझ्या मनात आलं. ज्यानं दुसऱ्याला आठवण द्यायची, त्या जांबुवंताच्या मनात हे आलं.

गिऱ्हाईक असं गेलेलं पाहून सेठनं डोमाला तिथल्या तिथं कामावरून काढलं आणि तुझं अस्वलही ने म्हणाला.

आम्ही गावी पोचलो तो काल्याचाच दिवस होता. कीर्तन संपत आलं होतं. इस्तारीभाऊ मंडपामागे बसून एका सुपाला काजळ फासत होता. सुपाला डोळ्यांची भोकं पाडली होती. डोमानं मला त्याच्या पायांशी ठेवलं.

लोक जमले. कोणी मला ओळखीना. एक पोरगं घाबरून आईमागे लपलं. मनसारामनं मला हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "हा माझ्या हातचा नाई." ज्यानं घडवलं त्यानंच असं म्हणावं, यापुढे काय ऐकायचं राहिलं?

इस्तारीभाऊनं मला घेतलं, उलटं केलं आणि तोंडावर लावलं. त्याचं टेंगूळ खळग्यात जाऊन बसलं. मग आतूनच बोलला, "हाच आहे." आणि मला समोर धरून म्हणाला, "काऊन रे जांबुवंता, दिवाळीपासून माघापर्यंत एवढा म्हातारा झाला? मुंबईचं पाणी लागलं वाटते तुले."

सगळे हसले. डोमा रडू लागला. त्यानं अडखळत सगळं सांगितलं, काचकागद, कान, दैत्य, सगळं. इस्तारीभाऊनं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "तुमी दोघं समुद्र पाहून आले म्हणे. केवढा असते रे?"

डोमानं हात पसरले आणि अर्ध्यावरच खाली घेतले. मी तर तो नीट पाहिलाच नव्हता.

त्या दुपारी सोंग झालं. निळं लुगडं हललं. डोमा मारुती होऊन मान खाली घालून बसला. इस्तारीभाऊ माझ्या आतून म्हणाला, "अरे, गप्प काऊन बसला?" डोमा उठला नाही. लोकांना वाटलं, काय सोंग वठवतो आहे. इस्तारीभाऊनं पुन्हा म्हटलं. डोमा उठेना, त्याचे खांदे हलत होते. तेव्हा इस्तारीभाऊ खाली वाकला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल असं बोलला, "ऊठ बाप्पा. लुगडं धरून बायाचे हात दुखून राह्यले."

डोमा उठला. त्यानं उडी घेतली.

मनसाराम मला नवा कान बसवायला आणि रंग द्यायला तयार होता. इस्तारीभाऊ म्हणाला, "राहू दे, पोरं विचारतीन तं सांगता येते." पुढे एका पावसाळ्यात ताप येऊन तो गेला. आता मला डोमा तोंडावर घेतो. त्याच्या कपाळाला तो खळगा रिकामा राहतो. तिथं चिंधी कोंबतो, पण मनसारामला तो लाकडानं बुजवू देत नाही. दरवर्षी सोंगाआधी तो मला पोरांपुढे धरतो आणि तुटक्या कानाची हकिकत स्वतःच्या तोंडानं सांगतो.

मित्रांनो, जत्रेत, बाजारात, लांबच्या एखाद्या बंदरावर जाल, तेव्हा हातात घेतलेल्या वस्तूचं नाव विचारा, आणि ती कोणाच्या घरची हेही विचारा. ती उलटी करून पाहा. कोणाच्या तरी कपाळाची जागा आत असेल. विकणारा त्यावर गप्प झाला, तर ती घेऊ नका, जिथली आहे तिथं परत जाऊ द्या.

सोंगातलं माझं काम आठवण द्यायचं. समुद्रावर ते मी विसरलो, म्हणून आज तुमच्यापुढे करतो आहे. वडशाकडच्या एका तलावावर जाळं टाकणारा इस्तारी नावाचा माणूस होता. त्यानं समुद्र कधी पाहिला नाही. त्याची आठवण ठेवा.