वजनाचा अंदाज

फाशी बंद करण्याचा ठराव दुसऱ्या दिवशी विधिमंडळात येणार होता, आणि आदल्या संध्याकाळच्या सभेत शहराला पटवायचा विडा वकीलबाईंनी उचलला होता. मुद्दा बिनतोड होता. गुलामगिरी मोडायला निघालेल्यांनाही लोकांनी वेड्यात काढलंच होतं की! तेव्हा म्हणे गुलामांशिवाय शेती बुडेल. आता म्हणे फाशीशिवाय कायदा बुडेल. शेती काही बुडाली नाही.

घरी त्यांनी भाषण सासऱ्यांना म्हणून दाखवलं. सासरे तुरुंगात फाशी देण्याचं काम करून निवृत्त झालेले. त्या कामाबद्दल घरात अळीमिळी गुपचिळी.

"झकास आहे, सूनबाई. पण सुटलेला गुलाम सभेत उभा राहून पाठीवरचे वळ दाखवायचा. तुझा साक्षीदार कुठून आणशील? त्याला तर मी वर पोहोचवलाय."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही या, मामंजी."

"मी तर चाबूकवाल्यांतला."

"तोही चालेल."

सभेत त्यांनी गुलामगिरीचा दाखला देताच पहिल्या रांगेतला धान्याचा व्यापारी उसळून उठला. "गुलाम निरपराध होते, बाई! हे खुनी. तुलना कसली करता?"

सासरे व्यासपीठावर उभे राहिले. व्यापाऱ्याला त्यांनी नखशिखांत न्याहाळलं.

"ब्याऐंशी किलो. मान आखूड." लोक हसले, व्यापारी हसला नाही. "माफ करा, सवय जात नाही. गुन्हा काय, ते मला कधी विचारावं लागलं नाही. उंची आणि वजन कळलं की दोर किती लांब सोडायचा ते कळतं. गुलाम विकणाराही माणसाकडे असाच बघत असणार." "नात झाली, नर्सनं माझ्या हातात दिली. मनात पहिला आला तो वजनाचा आकडा. त्यानंतर मी तिला उचललेलं नाही."

वकीलबाई हादरल्या. मुलगी झाली म्हणून म्हातारा रुसलाय, असं समजून त्या चार वर्षं मनात धुमसत होत्या.

सभेनं ठरावाच्या बाजूनं हात वर केले. व्यापाऱ्यानं केला नाही, पण वादही घातला नाही. वकीलबाई भाषण पुरं न करताच खाली उतरल्या, मागच्या रांगेत नवऱ्याच्या मांडीवर पेंगणाऱ्या लेकीला घेऊन आल्या आणि सरळ सासऱ्यांच्या हातात दिली. म्हातारा तिला लगेच खाली ठेवायला वाकला.

"नुसती धरा, मामंजी," त्या म्हणाल्या. "आकडा मनात आला तर येऊ दे. खाली मात्र ठेवायची नाही."