कोरी काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे, असे म्हणून सुरुवात करायची रीत आहे. पण खरे सांगायचे तर मी फक्त चार वर्षांची आहे. चार वर्षांत एवढी जुनी कशी झाले, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म मासवणजवळच्या डोंगरात झाला. तेव्हा मी मानवेलाच्या बेटातला एक उभा बांबू होते. एकोणीसशे पासष्ट सालच्या कार्तिकात बुधा नावाचा माणूस कोयता घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. चार दिवस तो नुसता येऊन बघून जात होता. अंधारा पंधरवडा लागल्याशिवाय तो बांबूला हात लावत नसे. चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, यावर त्याचा पक्का विश्वास होता. पाचव्या दिवशी त्याने माझ्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल. तुला सायबाकडं जायचं हाय."

बुधा सुपे, टोपल्या आणि कणग्या विणायचा. सूर्या नदीच्या वरच्या अंगाला त्याचा भाताचा एवढासा तुकडा होता. तो वर्षभर पुरत नसे, तेव्हा बांबू हाच त्याचा आधार. त्याचा एक नियम होता आणि त्यावरून त्याची बायको लाडकी त्याला फार चिडवायची. ज्याच्यासाठी वस्तू केली, त्यानेच ती पहिल्यांदा वापरायची. नवे सूप तो घरात मूठभर तांदूळसुद्धा पाखडू देत नसे. घरातले सूप फाटून चाळणी झाले, तरी दारात दुसऱ्यांची सहा नवी सुपे टांगलेली असायची. लाडकी म्हणायची, "गावाला सुपं नि घरधनिणीला भोकं!" यावर बुधा नुसता हसायचा.

आता साहेब कोण, ते ऐका. तिकडे समुद्राच्या बाजूला, घिवलीच्या अंगाला, वीज तयार करण्याचा मोठा प्रकल्प उभा राहत होता. तिथे कामाला आलेला एक परदेशी साहेब दर रविवारी जीप घेऊन मासवणला नदीवर यायचा. त्याच्याकडे एक लवचीक काठी होती. तिच्या गळाला गांडूळ नसे, तर पिसांची बनवलेली खोटी माशी असे. साहेब काठी मागे-पुढे झुलवायचा, दोरी हवेत लांबच लांब उलगडत जायची आणि ती माशी पाण्यावर अलगद टेकायची. बुधा विणकाम बाजूला ठेवून तासन्‌तास हे बघत बसायचा. एकदा साहेबाची काठी खडकात अडकून मोडली. बुधाने तुकडे उचलले, कापलेल्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि त्याला कळले की ही एक काठी नव्हेच. बांबूच्या सहा तीनधारी पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या होत्या.

साहेबाने मोडक्या हिंदीत विचारले, "बनाएगा? ऐसा?"

"बनवंन की," बुधा म्हणाला. "पण मुठीचं माप पायजे."

साहेबाने हसून आपला तळहात बुधाच्या तळहाताला लावला. बोटाला बोट बरोबर जुळले. एक हात गोरा, एक काळा, पण माप तेच. "तुम्हारा हाथ, मेरा हाथ, सेम," साहेब म्हणाला. "अपना नाप लो."

म्हणून बुधाने माझी मूठ स्वतःच्या हाताच्या मापाने घडवली. पांगाऱ्याचे हलके लाकूड घेतले, कातले, पुन्हा पुन्हा मुठीत धरून पाहिले. त्याआधी मला दोन महिने चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवले होते. मग कोयत्याने चिरले, सुरीने तासले, काचेच्या तुकड्याने खरवडले. माझी एकेक पट्टी शेंड्याकडे इतकी बारीक होत गेली, की शेवटी ती झाडूच्या काडीएवढी उरली. तीन वेळा त्याचे माप चुकले आणि तीन वेळा त्याने पट्ट्या चुलीत घातल्या. साहेबाने दिलेल्या सरसाने सहाही जणींना त्याने एकत्र बांधले. मी दोन तुकड्यांची झाले. मध्ये जोडायला पितळी नळी आली, दोरी ओवायला तारेच्या कड्या आल्या, त्यांच्यावर लाल रेशमी दोरा गुंडाळला गेला. लाडकीने आपल्या कोंबड्याची मानेवरची पिसे काढून गळावर माशी बांधली. "कोंबडा माझा नि मासे सायबाचे," ती कुरकुरली, पण माशी तिने मोठ्या हौसेने बांधली होती.

होळीच्या सुमारास मी तयार झाले. अंगणात बुधाने मला हवेत झुलवले. माझ्या अंगातून पहिल्यांदा एक लहर गेली, बुडापासून शेंड्यापर्यंत. बुधाचे डोळे भरून आले.

"वापरलीस ना शेवटी!" लाडकीने त्याला पकडले.

"हवेत हलवली म्हणजे वापरली नाय," तो घाईने म्हणाला. "पाणी नाय लागलं तिला. कोरी हाय."

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस होता. आणखी एक असाच दिवस येईल असे मला वाटत होते.

पुढच्या रविवारी साहेब आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एके दिवशी जीप आली, पण तिच्यात फक्त ड्रायव्हर होता. बुधा रानात गेला होता. ड्रायव्हरने कापडात शिवलेले, लाख लावलेले एक पार्सल लाडकीच्या हाती दिले, "साहब ने भेजा है," म्हणाला आणि धुरळा उडवत निघून गेला. कापडावर इंग्रजीत काहीतरी लिहिले होते. बुधाने पार्सल चाचपले. आत काहीतरी गोल होते, आणि हलवले की कट्‌कट्‌ वाजत होते.

"दोरीची चकरी हाय," तो आनंदाने म्हणाला. "पुढं पाठवली. म्हणजे सायेब मागनं येतोय."

"उघडून तरी बघ."

"दुसऱ्याचं शिवलेलं पार्सल? येडी का तू?"

त्याने ते भाताच्या कणगीत खोल लपवले. मला स्वच्छ धोतरात गुंडाळून आढ्याला बांधले. आणि आम्ही वाट बघू लागलो.

उन्हाळ्यात तो मला खांद्यावर घेऊन बोईसरमार्गे पार प्रकल्पाच्या फाटकापर्यंत चालत गेला. रखवालदाराने आत सोडले नाही. "साहब छुट्टी पर गया है, आ जाएगा," एवढेच त्याने सांगितले. हे एक वाक्य बुधाला दोन वर्षे पुरले. कुणीही चेष्टा केली की तो म्हणायचा, "सुट्टीवर गेलाय. येनार हाय." दर पंधरा दिवसांनी तो मला खाली काढून तेलाचे बोट फिरवायचा. रविवारी जीपचा आवाज आला की मला घेऊन दारात उभा राहायचा. जीप दुसऱ्याच कुणाची तरी असायची आणि मनोरच्या रस्त्याने निघून जायची.

खाली नदी वाहत असायची. मासे उड्या मारत. मला तो आवाज ऐकू यायचा. पाण्यासाठी घडवलेल्या काठीला पाण्याचा नुसता आवाज ऐकत राहावे लागणे म्हणजे काय, ते तुम्हांला कसे सांगू? आणि बुधालाही ते कळत होते. मला हातात धरून तो काठावर बसायचा, मनगट हलकेच हलवायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. त्याला फक्त एकदा ती दोरी पाण्यावर उलगडलेली बघायची होती. पण साहेबाच्या हातून.

अडुसष्टच्या पावसाळ्यात बुधा तापाने अंथरुणाला खिळला. अंगात काही उरले नाही. एके दिवशी त्याला माशाच्या कालवणाची वासना झाली. त्याची स्वतःची जुनी गळकाठी पुरात वाहून गेली होती. लाडकी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला साधी दोरी बांधते नि एक मासा आनते. कुनाला कळनार?"

"मला कळंल," बुधा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "सायेब आला तर त्याला दे. सांग, कोरी हाय. उंदरांपासून जप."

चौथ्या दिवशी तो गेला.

त्यांच्यात अशी रीत आहे, की गेलेल्या माणसाबरोबर त्याची स्वतःची वस्तू ठेवायची. लाडकीने त्याचा कोयता ठेवला, तंबाखूची डबी ठेवली. मग तिचा हात आढ्याकडे वळला. मला वाटले, आता मी त्याच्याबरोबर जाणार. पण तिने हात मागे घेतला. "ही सायबाची," ती म्हणाली. बुधाला नेले आणि मी रिकाम्या घरात टांगलेली राहिले. त्या दिवशी मी म्हातारी झाले.

दिवाळीनंतर नवे भात ठेवण्यासाठी कणगी झाडायची म्हणून बुधाची मुलगी तानी कुंभवलीहून आली. तिला तिकडे दिले होते. ती चौथी शिकलेली होती. कणगीच्या तळाशी तिला ते पार्सल सापडले. उंदरांनी त्याची शिवण कुरतडली होती आणि फटीतून कागद बाहेर आला होता. कागद मराठीत होता. साहेबाने प्रकल्पातल्या कुणा कारकुनाकडून तो लिहून घेतला होता. तानीला वरचे दोनच शब्द दिसले आणि तिने लाडकीला हाक मारली. "आये, यावर बाबाचं नाव हाय."

तिने एकेक अक्षर लावत वाचले.

"प्रिय बुधा, पत्नी आजारी असल्याची तार आल्यामुळे मी उद्याच मायदेशी जात आहे. परत येणे होईलसे वाटत नाही. काठी तुझीच आहे. पहिल्यापासून ती तुझ्यासाठीच होती. तुझ्यासाठी कर म्हणालो असतो, तर तू केली नसतीस. म्हणून मूठ तुझ्या मापाची करायला सांगितली. सोबत चकरी आणि दोरी आहे. पहिला मासा लागला की मला मनातल्या मनात हाक मार."

लाडकी रडली नाही. उठली, मला आढ्यावरून सोडले आणि चकरी, दोरी घेऊन सरळ नदीवर गेली. तानी मागून धावली. लाडकीने मला जोडले, कड्यांतून दोरी ओवली, कोंबड्याच्या पिसांची ती माशी बांधली. बुधाने हवेत झुलवले होते तसे झुलवले. दोरी उलगडली. माशी पाण्यावर टेकली. मित्रांनो, मला पाणी लागले!

आणि मासा लागला. एक जोरदार हिसका बसला आणि मी वाकले. पण तीन पावसाळे दमट आढ्याला बसून माझा सरस सुटला होता. मी कधी वापरलीच गेले नव्हते, म्हणून ते कुणाला कळले नव्हते. माझ्या सहा पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या झाल्या आणि वरचा तुकडा फुटला. मासा दोरी घेऊन गेला. लाडकी गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तेव्हा कुठे तिने हंबरडा फोडला. "कोरी ठेवली रे तुझीच काठी! तुझीच होती रे!"

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हांला सांगतात, की आम्हांला जपा. मी तसे सांगणार नाही. मला जितके जपले, तितके कुणालाच जपले नसेल. तुमच्या घरात कुणी काही दिलेले बांधून ठेवले असेल तर ते आज सोडा. काठी असेल तर पाण्यात टाका, सूप असेल तर पाखडा. देणारा आणि घेणारा दोघे असेपर्यंतच ते करा.

माझा वरचा तुकडा लाडकीने बुधाला जिथे नेले तिथे पुरला. खालचा घरात आहे. संध्याकाळी काम आटोपले की ती दारात बसून माझी मूठ हातात धरते. तिच्या हाताला ती मोठी पडते.