तिसऱ्या गिअरचा बोल्ट

आईने गाडीच्या पुढच्या दोन्ही सीटा काढून बैठकीच्या खोलीत आणून ठेवल्या, तेव्हाच मुलाने कपाळावर हात मारला. त्या चिमुकल्या जुन्या गाडीचा तिसरा गिअर चढावर निसटायचा; दांडा हाताने दाबून धरावा लागायचा. वडील गेल्यापासून मुलगा गाडी विकायच्या मागे लागला होता. शेवटी आईनेच अट घातली. रविवारी घरामागच्या चढावर गिअर टिकला, तर विकायचं नाव काढायचं नाही. नाही टिकला, तर गिऱ्हाइकाने खुशाल न्यावी. दुरुस्ती मात्र ती स्वतः करणार; गिअरबॉक्सचं झाकण सीटांच्या मधोमध, गाडीच्या तळाशी होतं.

तिला यातलं निम्मं काम येत होतं आणि त्या निम्म्याचाच तोरा मोठा होता. गिअर सरकवणारा दुबोटी फोर्क गिअरबॉक्समधल्या सळईवर, म्हणजे शाफ्टवर, एका बोल्टने पक्का करतात आणि बोल्ट सुटू नये म्हणून त्याच्या डोक्यातून तार ओवून पिळून बांधतात. नवऱ्याचे पंजे फावड्याएवढे. त्याचा पाना आत जायचा, बोटं जायची नाहीत. म्हणून बोल्ट तो आवळायचा, तार ती बांधायची. आवळण्याआधी तो हमखास 'थांब' म्हणायचा आणि शाफ्ट उगीच मागेपुढे करत बसायचा. ती तार घेऊन ताटकळायची आणि मनातल्या मनात त्याचा उद्धार करायची.

या वेळी तिने रेंगाळण्याला फाटा दिला. बोल्ट जीव खाऊन आवळला, तार झकास पिळली. शनिवारी सीटा बसवून गाडी चालवून पाहिली, तर चढाच्या पायथ्याशीच गिअर निसटला. मुलगा हसला नाही, याचाच तिला जास्त राग आला.

"आई, आता हट्ट पुरे. बाबांनीसुद्धा विकली असती."

"बाबांचं मला सांगू नकोस," ती म्हणाली.

रविवारी गिऱ्हाईक फाटकाशी आलं, तेव्हा ती पुन्हा सीटा काढून गाडीत गुडघे टेकून बसली होती. मुलाने बोलावलं, तिने ऐकलं नाही. तार कापून बोल्ट काढला, तर त्याचं निमुळतं टोक एका बाजूने खरवडलेलं. त्या टोकासाठी शाफ्टमध्ये खळगा असतो. टोक खळग्यात नव्हतंच, काठावर चढून बसलं होतं. तिने बोल्ट बोटांनीच हलका फिरवला आणि शाफ्ट हळूहळू मागेपुढे केला. एका जागी बोल्ट आपसूक खाली उतरला.

तिचे डोळे भरून आले. एवढी वर्षं तो रेंगाळत नव्हता, खळगा शोधत होता. सांगायला तोंड शिवलं होतं का? त्याच्यावर चिडायलाही आता तो समोर नव्हता. तिने नाक पुसलं, बोल्ट आवळला आणि तार बांधली. मग मुलाकडून सीटा आणवल्या, त्याला शेजारी बसवलं आणि गिऱ्हाइकाच्या समोरून गाडी बाहेर काढली.

चढ लागला. तिने तिसरा टाकला आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. इंजिन कण्हू लागलं, तसा मुलाचा हात सवयीने दांडा धरायला पुढे आला. तिने फटकन त्यावर चापट मारली.

"हात काढ. तुझ्या बापाने बसवलाय तो."