उसाचं टोक

सहकारी चळवळीने मराठवाड्याला दिशा दिली, असं व्यासपीठावरून सांगतात ते शंभर टक्के खरं आहे. केज तालुक्यातल्या एका सोसायटीपुरती ती दिशा डावी होती. राजकारणातली नव्हे, फाट्यावरून डावीकडे चेअरमनचा ऊस होता.

चेअरमन सुंदरराव, सगळ्यांचे आबा, संक्रांतीच्या सुमाराला वारले. मागे सोसायटीची पांढरी अँबेसिडर राहिली आणि तिचा ड्रायव्हर आश्रुबा. दुष्काळात पाण्याचा टँकर निघायचा तो या गाडीच्या मागून. पाणी कोणाच्या कृपेने येतंय हे तहानलेल्यांना कळावं म्हणून. सुंदररावांना गाडी चालवता येत नव्हती, पण ती कुठे वळवायची हे त्यांनी कधी दुसऱ्यावर सोडलं नाही. ते पुढे, आश्रुबाच्या शेजारी बसत. स्टेअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या बटणावर सोसायटीचं चिन्ह होतं: उभा ऊस. फाटा आला की आबा हात लांबवून स्टेअरिंग धरत आणि उसाचं टोक आपल्या शेताकडे, म्हणजे डावीकडे, होईपर्यंत फिरवत. मग "झालं" म्हणत आणि हात काढून घेत. उजवीकडच्या वस्तीवर उरलं तर पाणी जाई. सहसा उरत नसे.

यंदा शेतात ऊस नव्हता, नुसतं पाचट. नवे चेअरमन विठ्ठलराव म्हणाले, "टँकर थेट वस्तीवर ने." आश्रुबा निघाला. फाट्यावर त्याने उजवीकडे वळवायला घेतलं, तर स्टेअरिंग त्याच्या पंजातून डावीकडे गेलं. हिसका नाही, काही नाही, सावकाश, हक्काने. गाडी वाळल्या शेतात जाऊन थांबली. मागून टँकरवाला बंकट आला. त्याला गाडीमागे जायचं एवढाच हुकूम होता. त्याने सवयीने कॉक सोडला आणि सगळं पाणी भेगांनी पिऊन टाकलं. पुढच्या खेपेलाही तेच.

आश्रुबाने गाडी युसूफ वडगावला कचरू मिस्त्रीकडे घातली. कचरू त्याच वस्तीवरचा.

"मामा, आईच्या घरात एक तांब्या पाणी उरलंय," तो गाडीखालूनच म्हणाला. "ती म्हणती, ड्रायव्हर आंधळा हाय का?"

"चतुराबाईला म्हणावं, ड्रायव्हर डोळस हाय. गाडीच ऐकंना."

कचरूने चाकं एका रेषेत आहेत का ते दोरी लावून पाहिलं, सांधे आवळले, स्टेअरिंग काढून नीट सरळ बसवलं. मग खात्री करायला स्वतः मागच्या सीटवर बसला.

भर दुपारी दोघं फाट्यावर आले. माळावर एक कावळा नव्हता. आश्रुबाच्या शेजारची रिकामी सीट करकरली आणि मधोमध हळूहळू दबली. गाडीत जर्द्याचा वास भरला. उन्हाने तापलेलं स्टेअरिंग एका बाजूला, हाताएवढ्या जागेत, गारठलं. आश्रुबाने ब्रेकवर पाय रोवला. उसाचं टोक डावीकडे झुकत गेलं, आडवं झालं, थांबलं.

"झालं," कोणीतरी म्हणालं.

कचरू मागच्या सीटच्या कोपऱ्यात सरकला. मग म्हणाला, "दोरीत तर सरळ व्हती."

आश्रुबा आडव्या उसाकडे बघत होता. इतकी वर्षं शेजारी बसून आबांनी रस्ता कधी पाहिलाच नव्हता. पाहिलं ते टोक.

"कचरू, उलटं बसीव."

"काय उलटं?"

"स्टेअरिंग. टोक खाली."

"असं कोण बसवतं बे? म्हंजे… मामा, माजा धंदा बसंल!"

"बसू दे. टोक खाली असल्यावर ते डावीकडं न्यायला कुणीकडं फिरवावं लागंल?"

कचरूने हवेत हात फिरवून पाहिला. हात उजवीकडे गेला. त्याने मुकाट्याने पाना काढला.

दुसऱ्या दिवशी गाडी पुढे, टँकर मागे. बटणावरचा ऊस डोक्यावर उभा. फाटा आला. सीट दबली. आश्रुबाने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

स्टेअरिंग किंचित डावीकडे गेलं, टोक भलतीकडे निघालं, थबकलं. अंधारात कोनाड्यातली काडेपेटी चाचपावी तसं ते जागच्या जागी चाचपडलं. आश्रुबाच्या मानेवरचा घाम गार झाला. मग ते फिरू लागलं. उजवीकडे. टोक वर चढत डावीकडे आलं.

"झालं."

गाडी वस्तीच्या रस्त्याला लागली होती. मागून बंकट हुकमाप्रमाणे आला.

घागरी, कळश्या, डबे घेऊन बायका धावल्या. सगळ्यांपुढे चतुराबाई, बंकटला शिव्या देत. पाण्याचा आवाज सुरू झाला. आश्रुबाला खाली उतरायचं होतं. शेजारची सीट अजून दबलेलीच होती.

"आश्रुबा," अगदी कानाशी आवाज आला. "आज शेतात लई बायका लावल्यास."

आश्रुबाने घागरींकडे पाहिलं. "व्हय आबा. भिजवण चाललंय."

जर्द्याचा वास दाट झाला.

"बरं," आवाज म्हणाला. "चुना हाय का?"